एका वाक्याची नव्वद मिनिटं

जर्मन साहित्याच्या पहिल्याच सेमिनारला आम्ही पुस्तक उघडलं, पहिलं वाक्य वाचलं, आणि ९० मिनिटांनी तास संपला तेव्हाही आम्ही त्याच वाक्यावर होतो. मला आधी शंका आली, की बाई पुढचं वाचून आलेल्याच नाहीत.

वाक्य काफ्काच्या 'फेरवांडलुंग', म्हणजे 'रूपांतर', या दीर्घकथेचं होतं. ही गोष्ट न वाचलेल्यालाही ठाऊक असते. ग्रेगोर साम्सा नावाचा फिरता विक्रेता एका सकाळी जागा होतो आणि बघतो तर त्याचा किडा झालेला. मलाही ठाऊक होती, म्हणून तर पुढे सरकायची घाई. बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'उंगत्सीफर', आणि विचारलं, "हा किडा कोणता?" झुरळ, कुणीतरी म्हणालं. भुंगेरा, दुसरं कुणी म्हणालं. मी गोम म्हणाले, कारण ग्रेगोरला पुष्कळ पाय असतात एवढं आठवत होतं. बाई म्हणाल्या, "शब्दकोश बघा."

शब्दकोशात कुठलाच किडा नव्हता. उंगत्सीफर म्हणजे उपद्रवी जीवजंतूंचा सगळा लेंढार: उवा, ढेकूण, झुरळं, वेळेला उंदीरसुद्धा. त्यातल्या एकाचं म्हणून ते नाव नाहीच. शब्दाची व्युत्पत्ती आणखी खाली नेते. जुन्या जर्मनमध्ये बळी द्यायच्या जनावराला एक शब्द होता, त्याच्या आधी 'उन्' हा नकार लागला आणि झालं: बळी द्यायच्याही लायकीचं नाही ते, अशुद्ध. १९१५ साली पुस्तक निघायच्या बेतात असताना काफ्कानं प्रकाशकाला पत्र लिहून विनवलं होतं, की मुखपृष्ठावर तो किडा काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका. आणि आम्ही मात्र पाचच मिनिटांत झुरळ, भुंगेरा आणि गोम काढून मोकळे झालो होतो.

मी जर्मन का घेतलं याचं घरी सांगितलेलं कारण नोकरी हे होतं. खरं कारण सांगण्याजोगं नव्हतं: मला त्या भाषेतलं एक अक्षर आवडलं होतं. एस्-त्सेट त्याचं नाव. दिसतं रोमन 'बी'सारखं, उच्चार 'स'. असं सोंग घेतलेलं अक्षर जिथे राजरोस नांदतं ती भाषा बघावी तरी, असं वाटलं. पुढे लोक विचारायचे, "भाषा शिकायला पाच वर्षं? अजून येत नाही का?" त्यांची चूक नव्हती. विद्यापीठातला जर्मन विभाग म्हणजे लांबलेला भाषावर्ग, असाच माझाही समज होता. भाषा तिथे लागते, पण पोहायला लागणाऱ्या पाण्यासारखी. तास असतो तो दुसऱ्याच कशाचा तरी.

पण आधी भाषेबद्दलच बोलते, कारण तिथे माझी एक जुनी तक्रार आहे. आमचं व्याकरणाचं पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं. त्यामुळे जे त्यांना अवघड जातं ते आपल्यालाही अवघडच असणार, असं आम्ही गृहीत धरलं आणि इमानेइतबारे घाबरलो. नामांना तीन लिंगं आहेत, अरे बापरे! मार्क ट्वेननं १८८० साली जर्मनची टर उडवणारा लांबलचक लेख लिहिला. त्यात त्याला सगळ्यात खुपलं ते हे, की या भाषेत तरुण मुलगी नपुंसकलिंगी आणि सलगमाचा कंद स्त्रीलिंगी. आम्हीही त्याच्याबरोबर हसलो. तो दगड, ती वीट, ते ढेकूळ असं जन्मभर न अडखळता बोलणारी आम्ही मंडळी हसलो, हे विशेष. मुलीसाठी जर्मनमध्ये 'मेडशेन' हा शब्द आहे, आणि 'शेन' हा प्रत्यय लहानपण दाखवतो. लहान झालं की नपुंसकलिंग. वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू यांना आपण दुसरं काय करतो? जर्मनमध्येही वासरू, कोकरू आणि लेकरू ही तिन्ही नपुंसकलिंगीच आहेत. आणि कोकणीत तर तरुण मुलीला सर्रास 'तें' म्हणतात. ट्वेनसाहेबांना कुणीतरी तिकडे न्यायला हवं होतं.

तीच गत 'मला'ची. इंग्रजीत माणूस पुस्तकाला आवडवून घेतो, कर्ता तो. जर्मनमध्ये 'डास बुख गेफेल्ट मिर', ते पुस्तक मला आवडतं. पुस्तक कर्ता, मी चतुर्थीत. 'मिर इस्ट काल्ट', मला थंडी वाजतेय. थंडीपुढे आपण कर्ते नसतो हे दोन्ही भाषांना कळलेलं आहे. पण आमच्या पुस्तकात हा भाग 'विशेष क्रियापदं' म्हणून चौकटीत कोंडलेला होता, आणि मी ती यादी इंग्रजी अर्थांसकट पाठ केली. मराठी कानाशी होती, तिला विचारायचं सुचलं नाही. क्रियापद शेवटी जातं, हाही असाच एक बागुलबुवा. गौण वाक्यात ते शेवटी जातं, आणि आपल्याकडे ते कायम तिथेच बसलेलं असतं. मला त्रास झाला तो उलट मुख्य वाक्याचा, जिथे क्रियापद दुसऱ्या जागेवर ठाण मांडून बसतं आणि बाकीच्यांनी त्याच्या आगेमागे जागा शोधायची. त्यातही काही क्रियापदं मधूनच तुटतात. धड पुढे राहतं आणि शेपूट पार वाक्याच्या टोकाला. 'उमफारेन' या क्रियापदाची गंमत सांगते. ते तुटलं तर अर्थ होतो गाडीनं एखाद्याला आडवा करणं, न तुटलं तर त्याला वळसा घालून जाणं. म्हणजे वाक्याच्या टोकाला दोन अक्षरं येतात की नाही यावर माणूस मेला की वाचला ते ठरतं. ऐकताना श्वास रोखायची सवय मला तिथे लागली. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची माझी खोडही त्यानं थोडी कमी झाली, थोडीच.

दुसऱ्या वर्षी मध्ययुगीन जर्मन आलं आणि वर्गातले निम्मे कंटाळले. मला मात्र त्यातच गोडी वाटू लागली. इ. स. १२०० च्या सुमाराचं 'नीबेलुंगेनलीड' हे महाकाव्य. त्याच्या पहिल्याच कडव्यात 'आरेबाइट' असा शब्द येतो. आजच्या जर्मनमध्ये 'आर्बाइट' म्हणजे काम, रोजचं, पगाराचं. तो अर्थ धरून मी वाचलं, की जुन्या कथांमध्ये वीरांच्या मोठ्या कामांबद्दल पुष्कळ सांगितलं आहे. सर म्हणाले, "काम नाही, यातना." त्या काळी शब्दाचा अर्थ हाल, दुःख असा होता. दुःखाचा शब्द घसरत घसरत कामाचा झाला. मी वहीच्या समासात लिहिलं: कष्ट. संस्कृतात कष्ट म्हणजे क्लेश, मराठीत मात्र आपण कष्ट 'करतो', कष्टकरी म्हणतो, कष्टाची भाकरी म्हणतो. दोन भाषा, एकमेकींना न विचारता एकाच उतारावरून घसरलेल्या. एवढा आनंद मला परीक्षेतल्या कुठल्याच गुणांनी दिलेला नाही.

मग ध्वनिनियम. याकोब ग्रिमनं १८२२ साली मांडलेले, डेन्मार्कच्या रास्कनं त्याआधीच हेरलेले. संस्कृतातला 'प' तिकडे 'फ' होतो, 'द'चा 'त' होतो, आणि जर्मनमध्ये त्या 'त'चीही पुढे एक उडी होते. त्यामुळे पाद हा शब्द 'फूस' होतो. तेच पाऊल, आणि लिहायचं माझ्या त्या सोंगाड्या अक्षरानं. दश म्हणजे 'त्सेन', दंत म्हणजे 'त्सान', विधवा म्हणजे 'वित्वं'. वर्गात एकदम छात्या फुगल्या. त्यात १७९१ साली गेओर्ग फॉर्स्टरनं शाकुंतल जर्मनमध्ये आणलं आणि महाकवी ग्योटं (आपल्याकडे गटे) त्यावर लुब्ध झाला, बॉनच्या विद्यापीठात १८१८ पासून समीक्षक श्लेगल बंधूंपैकी थोरल्यानं संस्कृत शिकवलं, हे कळल्यावर तर आम्ही जर्मन साहित्याचे मामाच झालो. सरांनी दोन मिनिटं आम्हाला तसं बसू दिलं. मग शांतपणे म्हणाले, की याच शास्त्राच्या कडेकडेनं 'आर्य' हा शब्द भाषांच्या कुळातून निघाला आणि माणसांच्या रक्तात शिरला, तो कसा शिरला यावर पुढच्या आठवड्यात निबंध आणा. छात्या जागच्या जागी आल्या.

ग्रिम बंधू म्हणजे परीकथा, एवढंच आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. माझ्या लेखी ते शब्दकोशवाले आहेत, आणि त्या शब्दकोशाची जन्मकथा कुठल्याही परीकथेच्या तोडीची. १८३७ साली हानोवरच्या राजानं राज्यघटना मोडीत काढली. ग्योटिंगेनच्या ७ प्राध्यापकांनी लेखी निषेध केला, त्यात हे दोघे. सातही जणांची नोकरी गेली, आणि याकोबसह तिघांना तीन दिवसांत राज्य सोडायला सांगितलं. अशा बेकारीत, १८३८ साली, त्यांनी जर्मन भाषेतल्या शब्दांचा कोश हाती घेतला. थोड्या वर्षांत उरकेल असा अंदाज होता. पहिला खंड छापून झाला १८५४ मध्ये. विल्हेल्म १८५९ मध्ये गेला, 'डी' हे अक्षर संपवून. याकोब १८६३ मध्ये गेला तेव्हा 'फ्रुख्ट' या शब्दावर काम चालू होतं. फ्रुख्ट म्हणजे फळ. पुढच्यांनी ते ओझं पिढ्यान्पिढ्या वाहिलं. दोन महायुद्धं झाली, देशाचे दोन तुकडे झाले, तरी पूर्व बर्लिन आणि ग्योटिंगेन अशा दोन्हीकडची माणसं एकाच कोशावर बसलेली. १९६१ च्या जानेवारीत तो पुरा झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. मी हे ३२ भाग ग्रंथालयात पहिल्यांदा बघितले तेव्हा हात लावायच्या आधी नुसतीच त्यांच्यासमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. नंतर माझ्या एका हाउसआर्बाइटसाठी, म्हणजे सत्राच्या शेवटी लिहायच्या प्रबंधिकेसाठी, त्यातल्या एका शब्दाची नोंद वाचायला मला दोन दुपारी लागल्या.

इथवरची गोष्ट प्रेमाची होती. तिसऱ्या वर्षानंतर ती तशी राहिली नाही.

नाझी राजवटीत, १० मे १९३३ च्या रात्री, बर्लिनमध्ये आणि इतर विद्यापीठांच्या गावांमध्ये पुस्तकं जाळली गेली, हे मला माहीत होतं. जाळणारे सैनिक किंवा गुंड असणार, असं मी मनाशी धरलं होतं. ते विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांच्याच संघटनेनं मोहीम काढली होती, आणि प्राध्यापक झगे घालून सोबत होते. बॉनमध्ये त्या रात्री भाषण करणारा हान्स नाउमान हा जुन्या जर्मन साहित्याचा नावाजलेला अभ्यासक. म्हणजे आमच्याच खात्यातला. एरिख केस्टनर बर्लिनच्या गर्दीत उभा राहून स्वतःची पुस्तकं जळताना बघत होता. मुलांसाठी लिहिलेल्या त्याच्या एका गोष्टीवरून मी पहिल्या वर्षी भूतकाळाची रूपं शिकले होते.

एका सत्रासाठी बर्लिनला गेले तेव्हा पुस्तकं जाळली त्या चौकात गेले. आता त्याचं नाव बेबेलप्लाट्स. मिखा उलमान या शिल्पकारानं १९९५ मध्ये तिथे स्मारक केलं आहे आणि ते सहज सापडत नाही, कारण ते जमिनीखाली आहे. फरशीत एक काच बसवली आहे आणि खाली पांढरीशुभ्र खोली, चारही भिंतींना रिकामी कपाटं, २०,००० पुस्तकं मावतील एवढी. दिवसा काचेत आभाळच दिसतं आणि वाकलेलं आपलं डोकं. हात डोळ्यांच्या बाजूनं धरून वाकावं लागतं, तेव्हा कुठे खालचं रिकामेपण दिसू लागतं. पलीकडेच विद्यापीठाची इमारत. मुलं हातात पुस्तकं घेऊन काचेवरून चालत जात होती.

मला या सगळ्यात सर्वांत जवळचा वाटलेला माणूस कवी नाही, कादंबरीकार नाही. व्हिक्टर क्लेम्परर हा ड्रेस्डेनमध्ये फ्रेंच साहित्य शिकवायचा. ज्यू म्हणून नोकरी गेली, मग ग्रंथालयाचं दार बंद झालं. पत्नी ज्यू नव्हती म्हणून जेमतेम जीव वाचला. हाताशी पुस्तकं नाहीत, तर अभ्यास कशाचा करायचा? त्यानं ऐकू येणाऱ्या भाषेचाच केला. वर्तमानपत्रं, भाषणं, कारखान्यातल्या गप्पा, मृत्यूच्या जाहिराती, सगळं टिपून ठेवलं. १९४७ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यात तो दाखवतो, की 'फनाटिश', म्हणजे माथेफिरू, हा एरवी शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द कौतुकाचा कसा झाला. शब्द थोड्या थोड्या सोमलासारखे काम करतात, असं तो म्हणतो: गिळताना कळत नाही, परिणाम मागाहून दिसतो. क्लेम्परर वाचल्यानंतर मी कुठल्याही भाषेतलं वर्तमानपत्र पूर्वीसारखं वाचू शकलेले नाही.

या खात्यानंही स्वतःकडे बघायला बराच उशीर केला. जर्मनच्या प्राध्यापकांनी आपल्या विषयाच्या या इतिहासावर जाहीर अधिवेशन घेतलं ते म्युनिकमध्ये, १९६६ साली. युद्ध संपल्यापासूनच्या २१ वर्षांत तीच माणसं त्याच फळ्यांसमोर उभी राहून ग्योटं शिकवत होती. पाउल त्सेलान या ज्यू कवीची कविता आम्ही वाचली ती या पार्श्वभूमीवर. आईवडील छळछावणीत गेले, मारणाऱ्यांची भाषा जर्मन, आणि ज्या आईला मारलं तिचीही आवडती भाषा जर्मनच. दुसरी भाषा त्याला येत नव्हती असं नाही. तरी तो कविता जर्मनमध्येच लिहीत राहिला. त्या तासाला आमच्या वर्गात कुणी काही बोललं नाही. बाईंनीही बोलायला लावलं नाही. रेफेराट, म्हणजे वर्गापुढे विषय मांडणं, त्या दिवशी माझ्याकडे होतं, मी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

बर्लिनच्या त्याच सत्रात मात्र एकदा मी भर वर्गात हसले, तेही सांगायला हवं. पाठ होता एमिने सेव्हगी ओझदामारचा. ही १९६५ मध्ये तुर्कस्तानातून बर्लिनच्या कारखान्यात काम करायला आली, पुढे नाटकात गेली, जर्मनमध्ये लिहू लागली आणि २०२२ मध्ये तिला ब्यूशनर हा जर्मन साहित्यातला मानाचा पुरस्कार मिळाला. तिच्या १९९० च्या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला ती म्हणते, की माझ्या भाषेत जीभ आणि भाषा यांना एकच शब्द आहे, आणि जिभेला हाड नसतं, वळवाल तिकडे वळते. वर्गात त्यावर गंभीर चर्चा सुरू झाली. अपरिचित प्रतिमा, शरीर आणि ओळख, भाषेचं परकेपण, वगैरे. मला हसू आवरेना. 'जिभेला हाड नाही' हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं, बहुतेक वेळा माझ्याच संदर्भात, की त्यात परकं काय हेच कळेना. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक मुलगी हसत होती. तिचे आजोबा तुर्कस्तानातून आलेले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून आणखी हसलो. सरांनी विचारल्यावर मी उठून मराठी म्हण सांगितली, तिनं तुर्की सांगितली. तास संपल्यावर तिकडच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकांवर टकटक केलं. ते सरांसाठी होतं, पण त्यातलं थोडं आम्ही दोघींनी आपल्याकडे वळवून घेतलं.

पुढे पोटासाठी मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं केली. त्यात तक्रारीचं काही नाही. पंपाचा वॉल्व्ह कोणत्या दिशेनं फिरवायचा हे चुकीचं लिहिलं तर वॉल्व्ह लगेच सांगतो, आणि साहित्याचं तसं नसतं. संध्याकाळी मात्र काफ्काचं ते पुस्तक निघायचं. पिवळ्या मुखपृष्ठाची 'रेक्लाम'ची छोटी आवृत्ती, खिशात मावणारी. ही मालिका १८६७ पासून चालू आहे आणि जर्मनच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे तिचा एक गठ्ठा असतोच. माझ्या प्रतीच्या पहिल्या पानावर शिसपेन्सिलीचे इतके थर आहेत, की मूळ छपाई आता जेमतेम दिसते.

पहिल्या वाक्यात तीन नकार आहेत. हे तेव्हा, त्या ९० मिनिटांत, बाईंनी आमच्याकडूनच काढून घेतलं होतं. 'उनरूइश' स्वप्नं, 'उनगेहॉयर', आणि 'उंगत्सीफर'. उन्, उन्, उन्, दारावर तीनदा थाप मारावी तसे. इंग्रजीत हे तिन्ही सहसा टिकत नाहीत. मराठीत टिकतील असं मला एकदा बसमध्ये अचानक सुचलं आणि मी दोन थांबे पुढे गेले. अस्वस्थ स्वप्नं. अजस्र. अमंगळ. आपल्याकडे 'अ' आहे!

घरी येऊन लिहिलं: "एके सकाळी अस्वस्थ स्वप्नांतून ग्रेगोर साम्सा जागा झाला, तेव्हा आपण बिछान्यातच एका अजस्र, अमंगळ जिवात पालटलो आहोत असं त्याला आढळलं." वाचून बघितलं. 'आढळलं' शेवटी आलं, मूळ वाक्य 'पालटलेला' या अर्थाच्या शब्दावर थांबतं. तेही जमवता येईल. अडलं ते 'जिवा'वर. मराठीत जीव म्हटला की दया आलीच, बिचारा जीव, गरीब जीव. काफ्काच्या शब्दात दया औषधालाही नाही. 'किडा' लिहावं, तर मुखपृष्ठावर काढू नका म्हणून विनवलेलं चित्र मीच काढून दिल्यासारखं होतं. 'कीड' जवळ जातो, समूहवाचकही आहे, लागते आणि पसरते. पण त्या शब्दाशी आल्यावर मला पुढचं आठवतं. काफ्का १९२४ मध्ये क्षयानं गेला. नंतरच्या वीस वर्षांत उंगत्सीफर हा शब्द भिंतीवरच्या पत्रकांमध्ये आणि भाषणांमध्ये ज्यू माणसांसाठी वापरला गेला, आणि त्यांना मारायला जो वायू वापरला तो मुळात कीटकनाशक होता. काफ्काच्या तिन्ही बहिणी त्या संहारात गेल्या. त्यानं लिहिलं तेव्हा त्या शब्दात हे नव्हतं. आज वाचताना ते आहे. भाषांतर कुठल्या दिवसाचं करायचं?

त्या जागी मी सध्या नुसती रेघ ओढून ठेवली आहे: एका अजस्र, अमंगळ ______